घरात वृद्ध आहेत

शेळगाव, ता. इंदापूर
८ डिसेंबर २०२४

चि. उत्कर्षा,

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर राग उतरला तर.

तुझे फोन येतात, तुझी वहिनी सुप्रिया मोबाईल माझ्या पुढ्यात आणून धरते आणि मी तोंड फिरवतो, हे तिनं तुला सांगितलंच असेल. फोनवर मी एक वाक्य बोलतो न बोलतो तोच तू "आबा, ऐका ना" म्हणतेस आणि मग शेवटपर्यंत मीच ऐकत बसतो. कागद मध्ये बोलत नाही. दूध संस्थेचा सचिव असताना मी तालुक्याला तक्रारी लिहायचो आणि साहेब लोक त्या वाचायचे, तशी एक तुलाही लिहितो. हैदराबादला पोचायला आठवडा लागला तरी चालेल. तेवढ्यात माझा राग नासणार नाही.

तर ती पाटी. दवाखान्यातून मला घरी आणलंस, रजा काढून राहिलीस, पथ्यपाणी लावून दिलंस, इथवर सगळं कबूल. पण जाता जाता बारामतीहून फ्लेक्स छापून आणलास आणि फाटकाला स्वतःच्या हातानं तारेनं बांधलास. 'घरात वृद्ध आहेत. सर्दी, खोकला, ताप असणाऱ्यांनी आत येऊ नये.' पिवळ्यावर लाल अक्षरं. अगं, आपल्या गावात फ्लेक्स दोनच वेळा लागतो, वाढदिवसाला नाहीतर माणूस गेल्यावर. दूधगाडीवाल्यानं लांबून पाटी पाहिली आणि सुप्रियाला विचारलं, आबा कधी गेले? सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. मला काही हसू आलं नाही.

परवा सावळाराम आला होता. तुझे सावळातात्या, ज्यांच्या खांद्यावर बसून तू पोळा बघायचीस. तू गाव सोडून इतकी वर्षं झाली की तुला आठवण करून द्यावी लागते. आमच्या दोन घरांची सावड माझ्या लग्नाआधीपासूनची आहे. आज त्यांच्या रानात आपली माणसं, उद्या आपल्या रानात त्यांची. लागण असो, खुरपणी असो, कुणी मजुरी मागितली नाही आणि कुणी उपकारही मानले नाहीत. एका घरात कुणी आजारी पडलं की दुसऱ्यानं त्याच्या उसाला पाणी द्यायचं, त्याचा गोठा बघायचा आणि सांजेला येऊन आजाऱ्याच्या उशाशी बसायचं. मी दवाखान्यात पडलो होतो तेव्हा आपलं रान त्यानंच भिजवलं. पहाटेच्या दवात उभं राहून त्याला सर्दी झाली, ती माझ्या उसापायी.

उपरण्यात डाळिंबं बांधून तो फाटकाशी आला आणि पाटी मोठ्यानं वाचायला लागला. त्याला मनात वाचता येत नाही, तुला माहीत आहे. मी आत खाटेवर होतो, मला एकेक अक्षर ऐकू येत होतं. सुप्रिया बाहेर गेली आणि तिथूनच म्हणाली, तात्या, ताईंनी सांगितलंय. तो म्हणाला, "वृद्ध कोण गं? मी तुझ्या सासऱ्यापरीस दोन वर्सांनी थोरला हाय." आणि हसला. डाळिंबं फाटकाच्या खांबावर ठेवली आणि माघारी फिरला. माझे पाय अजून लटपटतात. मी भिंत धरून ओट्यावर येईपर्यंत तो बांधाला लागला होता, आणि त्याला मागून मारलेली हाक ऐकू येत नाही.

सुप्रियानं डाळिंबं तीनदा धुतली. तुझाच हुकूम असणार.

दुसऱ्याच्या दारात आजाऱ्याचा समाचार घ्यायला न जाणं हे आमच्यात वैर समजतात. आलेल्याला दारातून परतवणं याला तर नावही नाही, कारण तसं कुणी केलेलंच नाही. ती तार तू अशी पिळली आहेस की माझ्या बोटांना सुटत नाही आणि तुझा भाऊ विजयसिंह सोडायला तयार नाही. म्हणतो, ताई शास्त्रज्ञ आहे. तू ये आणि सोड.

राग उतरलेला नाही. आशीर्वाद नाही.

आबा


शेळगाव
१७ डिसेंबर

उत्कर्षा,

तुझं पत्र मिळालं. टाईप केलेलं. बापाला लिहितानाही मुद्दे पाडलेस.

तू लिहितेस की मरणाच्या दारातून आलो हे मी विसरलो. मी काहीही विसरलेलो नाही. मला ताप नव्हता. मी फक्त ताटावरून उठलो, उलट्या पायात चपला घातल्या आणि सुप्रियाला 'आई' म्हणून हाक मारली. विजयसिंह म्हणाला, वय झालं आबांचं. सुप्रियानं फोनवर तुला हसत हसत सांगितलं आणि तू तिथून ओरडलीस, की ताप नाही म्हणूनच आत्ताच्या आत्ता बारामतीला न्या. नेलं, तर छाती निम्मी भरलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस घरी ठेवला असता तर हाती लागले नसते. तुझ्यामुळे मी आहे. हे एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

खाटेशी बसून तू सांगितलेलं राखणदाराचंही माझ्या लक्षात आहे. तरण्या शरीराचा राखणदार उसात रानडुक्कर शिरल्याबरोबर हाकाटी करतो. ताप म्हणजे ती हाकाटी. शरीर म्हातारं झालं की हा राखणदारही म्हातारा होतो. विषाणू आत शिरला तरी त्याला वेळेवर जाग येत नाही आणि डुकरं निम्मा फड लोळवतात. मग उशिरा जागा होतो, घाबरतो आणि फडालाच काडी लावतो. त्यात डुकरांपेक्षा ऊस जास्त जळतो. म्हणून म्हाताऱ्याच्या कपाळाला हात लावून 'ताप नाही' म्हणत बसू नये, तो जेवतो का, बोलतो नीट का, धाप लागते का ते बघावं. बरोबर ना? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हणालो असतो, पुस्तकी बडबड. तुझ्या तोंडून पटलं होतं.

पण आता तुझ्या पाटीचं फळ ऐक. सावळारामाच्या रणजितनं सुरू हंगामाच्या उसाची लागण धरली आणि आपल्या घरी निरोप नाही. निमगावहून मजूर आणले. विजयसिंह बेणं तोडायला कोयता घेऊन बांधापर्यंत गेला, तर रणजित त्याला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमच्या घरात वृद्ध हायती. आमच्या खोकल्याचा तुमाला तरास व्हायचा." विजयसिंह कोयता तसाच परत घेऊन आला. दोन घरांत इतक्या वर्षांत बांधावरून भांडण झालं नाही, पाण्यावरून झालं नाही, ते तुझ्या फ्लेक्सवरून झालं.

रणजित तिरसट आहे, लहानपणापासून नाकावर माशी बसू देत नाही. पण या वेळी त्याचं काय चुकलं ते मला सांग. त्याचा बाप आपल्या दारातून परत गेला.

तू विचारलंयस, मी घराबाहेर जातो का. जात नाही. सुप्रियाला विचार. सावळारामाचा खोकला अजून थांबलेला नाही असं ऐकतो. घसा बसलाय आणि दोन वाक्यं बोलला की थांबतो, असंही ऐकतो.

एक फोन रणजितला कर. शास्त्र सांगू नकोस, माफी माग.

आबा


शेळगाव
३० डिसेंबर

उत्कर्षा,

सावळाराम बारामतीला मोठ्या दवाखान्यात आहे. तोंडाला ऑक्सिजन लावलाय. तुझ्या हुकमानं मला तिथं नेत नाहीत, म्हणून घरी बसून तुला लिहितो. दुसरं काही करण्यासारखं ठेवलेलं नाहीस.

आधी माझं खोटं निस्तरतो. मी बाहेर जात होतो. सुप्रिया दूध घालायला डेअरीवर गेली की मी काठी घेऊन रानात जायचो. पाटाच्या अलीकडं मी, पलीकडं तो, मध्ये वाहतं पाणी. तू सांगितलेलं अंतर त्यात बसत होतं. त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे आमच्या खासगी गोष्टी साऱ्या शिवाराला ऐकू जायच्या. पाटीबद्दल तो एकदाच बोलला. म्हणाला, पोरीची माया हाय, तू तोंड वाकडं करू नगंस.

परवा सकाळी गेलो तर त्याच्या खालच्या फडात पाणी चमकताना दिसलं. मला आधी वाटलं पाट फुटला. मग दिसलं की तो स्वतः फावडं घेऊन दारं धरतोय, सरीसरीत पाणी वळवतोय. त्या फडात दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची टोळी यायची होती. तू कितीही शहरातली झालीस तरी तुला कळेल. उद्या ज्या फडात कोयता चालायचा आणि ट्रॅक्टर शिरायचा, त्याला आज पाणी द्यायचं? उसात जन्म काढलेला माणूस झोपेतही हे करणार नाही. मी ओरडलो, "सावळ्या, उद्या टोळी यायची हाय. पानी कशाला सोडलंस?" त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "दादा, पाळी आपलीच हाय. आलोच मी."

त्याचा दादा जाऊन तीस वर्षं होऊन गेली.

मी पाट ओलांडला. होय, ओलांडला. त्याच्या कपाळाला हात लावला. गार होतं. बोलताना मध्येच श्वासासाठी थांबत होता, आणि फावड्यावर भार देऊन उभा होता. तू खाटेशी बसून जे जे सांगितलं होतंस ते सगळं माझ्यासमोर उभं होतं.

तेवढ्यात रणजित पाणी बघून धावत आला. चिखलात ट्रॉली रुतणार, मुकादम टोळी दुसऱ्या गावाला फिरवणार, महिनाभर ऊस वाळत राहणार, म्हणून तो बापावर भडकलेला. मी म्हणालो, पाण्याचं मरू दे, याला आत्ता बारामतीला ने. त्यानं बापाच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, ताप न्हाय. मी राखणदाराचं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "आबा, तुमच्या फाटकावर पाटी हाय. आमी आत यायचं न्हाय, आन् तुमी आमच्या रानात येऊन आमाला शिकवायचं व्हय?"

मी पाट ओलांडून माघारी फिरलो. याचं उत्तर तुझ्याकडं असेल तर लिहून पाठव.

घरी येऊन तुला फोन लावला. इतके दिवस तुझा फोन न घेणाऱ्या माणसानं स्वतःहून लावला, तर तू प्रयोगशाळेत, आणि मोबाईल बाहेर कपाटात. दिवेलागणीला तुझा फोन आला. मी सांगितलं की सावळाराम वेड्यासारखं करतोय, ताप नाही, धाप आहे. आणि तुझा पहिला प्रश्न काय होता? "आबा, तुम्ही त्यांच्या किती जवळ गेला होता?"

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. फोन ठेवला, बंद केला आणि पिठाच्या डब्यामागं टाकला.

काल टोळी आली. ट्रॉली रुतलीच. सगळी माणसं ती ओढायला चिखलात, आणि सावळाराम गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली बसला तो उठलाच नाही. त्याच्या बायकोनं, शकुवहिनींनी, हाक मारली ती आपल्या घराकडं तोंड करून. आपली गाडी सुप्रियानं काढली, पाटी लावलेल्या फाटकातूनच. दवाखान्यात बोटाला यंत्र लावलं तर नर्सनं डॉक्टरला पळत जाऊन आणलं. तेव्हाही अंग तापलेलं नव्हतं.

आता मला सांग. राखणदार सगळ्यांचाच म्हातारा होतो, की फक्त तुझ्या बापाचा, सर्जेरावाचा? तू एवढं शिकलीस, म्हाताऱ्या पेशींवर रात्रंदिवस काम करतेस, आणि त्या पिवळ्या पाटीवर 'वृद्ध' लिहिताना तुझ्या डोळ्यांसमोर एकच म्हातारा होता. सावळाराम तुला वृद्ध दिसला नाही, तो तुला फक्त खोकला दिसला. ज्याला तू माझ्यासाठी धोका समजून दारातून परतवलंस, त्याचा स्वतःचा धोका माझ्याएवढाच होता, दोन वर्षांनी जास्तच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे गावातल्या अडाण्यानं केलं तर समजतं.

आबा


शेळगाव
८ जानेवारी २०२५

उत्कर्षा,

सावळाराम गेला. तुला सुप्रियानं कळवलं आणि तू खूप रडलीस, असं ती म्हणाली. मी अजून रडलेलो नाही. मला आधी भांडायचं आहे.

मला घरी सोडायच्या दिवसाची गोष्ट सांगतो. आम्हांला घ्यायला गाडीबरोबर सावळाराम आला होता. निघताना तू मला दुसऱ्या खोलीत नेलंस आणि लस टोचवलीस, या हिवाळ्यातल्या साथीची. तो बाहेर बाकावर बसून भेळ खात होता. मी दंड चोळत बाहेर आलो तर म्हणाला, "मला बी एक टोचा की. दोघांचं एकदमच हुईल." आपण सगळे हसलो. तू हसलीस, सुप्रिया हसली, मीही हसलो. तो गंमत करत होता, पण दंडावरची बाही त्यानं वर केलेली होती. ती बाही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या लशीनं तो वाचला असता असं मी म्हणत नाही, तूच सांगितलं होतंस की म्हाताऱ्या शरीरात लसही जरा आळशी होते. पण सुई तिथं होती, माणूस तिथं होता, आणि तुझ्यासारखी जाणती पोरगी दोघांच्या मध्ये उभी होती.

अस्थी घेऊन नरसिंहपूरला संगमावर गेलो होतो. मला रणजितनं बोलावलं, स्वतः घरी येऊन. त्याच फाटकातून आत आला. परत येताना गाडीत म्हणाला, की मी फोन ठेवला त्या रात्री तू त्याला फोन केला होतास. अर्धा तास समजावलं म्हणे, माफीही मागितलीस, रात्रीच न्या म्हणून विनवलंस. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, टोळी जाऊ द्या, उद्या नेतो. हे सांगताना त्यानं गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

तू हे मला सांगितलं नाहीस, कारण फोन पिठाच्या डब्यामागं होता. तेवढा राग कमी करतो. बाकीचा आहे तिथंच आहे.

आता खरं काम. शकुवहिनी घरात बसून आहेत आणि सांत्वनाला रीघ लागली आहे. शेळगाव तर आहेच, इंदापूर, वडगाव निंबाळकर, नरसिंहपूर, जिथं जिथं सोयरीक आहे तिथून जीपा भरून बाया येतात. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. आलेली बाई दारातूनच हंबरडा फोडते आणि विधवेच्या गळ्यात पडते. दोघी गालाला गाल लावून रडतात. ती उठली की दुसरी. काल एक बाई पदरात शिंकली आणि तोच पदर वहिनींच्या डोळ्यांना लावला. मी ओसरीवर बसून बघत होतो. वहिनी पंचाहत्तरीच्या आहेत.

त्या दोन दिवस जेवलेल्या नाहीत. काल मला म्हणाल्या, त्यांचं पानी पाजून झालं का, जेवायला बोलवा. घरातल्या बाया डोळे पुसायला लागल्या. कुणाला काही वेगळं वाटलं नाही, कारण दुःखात माणूस असंच करतं. जेवत नाही, भलतंच बोलतं, कोपऱ्यात पडून राहतं. आणि झोपलेल्या राखणदाराची खूणही तीच. मग दुःख कुठलं आणि आजार कुठला हे ओळखायचं कसं? तुझ्या शास्त्रात असेल तर मला उत्तर लिहीत बसू नकोस. हे पत्र विजयसिंहाकडून मोबाईलवर फोटो काढून पाठवतोय. वाचलंस की लगेच रणजितला फोन कर. या वेळी तो ऐकेल.

आबा


शेळगाव
१२ जानेवारी

उत्कर्षा,

शकुवहिनी घरी आल्या. तुझा फोन झाल्यावर रणजितनं कुणालाही न विचारता गाडी काढली. सांत्वनाला आलेल्या बाया ओसरीवर तशाच बसल्या आणि तो आईला घेऊन बारामतीला गेला. भावकीनं नावं ठेवली, दहावा व्हायच्या आत विधवेला बाहेर काढतो म्हणून. डॉक्टर म्हणाले, छातीत सुरुवात होती, वेळेत आणलंत. ताप नव्हताच. गोळ्या चालू आहेत आणि काल त्यांनी दूधभात मागून खाल्ला.

परत आणल्यावर रणजित माझ्याकडं आला. बराच वेळ फाटकाशी घुटमळला. मला वाटलं काहीतरी मागायचं आहे आणि जीभ रेटत नाही. शेवटी म्हणाला, "आबा, ती पाटी कुठं हाय?"

पाटी नव्हती. सावळाराम गेल्याचा फोन आला त्या दुपारी मी ती विळ्यानं फाडली होती. तुझ्या तारेच्या पिळाला हात न लावता नुसतं कापड खाली ओढलं आणि शेणात टाकलं. तसं सांगितलं. तो म्हणाला, मग दुसरी करून द्या, तुमचं अक्षर चांगलं हाय. सुतकाच्या घरावर पाटी आजवर कुणी लावलेली नाही. लोक तोंडात शेण घालतील. रणजितलाही ते माहीत होतं, तरी तो पत्र्याचा तुकडा आणि तेलरंगाचा डबा घेऊनच आला होता.

तुझे शब्द मी लिहिले नाहीत. 'आत येऊ नये' माझ्या हातून उतरेना. आम्ही दोघं पायरीवर बसलो, थोडा विचार केला, एकदा पुसलं, पुन्हा लिहिलं. आता सावळारामाच्या फाटकावर आहे ते असं: 'घरात म्हातारी माणसं आहेत. बरं वाटत नसेल तर इथूनच हाक मारा. आम्ही बाहेर येऊ. तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांनाही जपा.'

पहिली आली ती वहिनींची सारजा, वडगावची धाकटी बहीण, सर्दीनं नाक लाल झालेलं. मी नाकातोंडाला रुमाल बांधून फाटकाशी खुर्ची टाकून बसलो होतो. पाटी तिला वाचून दाखवली. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. तिनं खालीच बसकण मारली आणि तिथूनच "आक्का" म्हणून हाक मारली. वहिनी काठी टेकत ओट्यावर आल्या. एक फाटकात, एक ओट्यावर, दोघी आपापल्या जागी बसून रडल्या. मधलं अंगण तसंच राहिलं. रडण्यात काही कमी पडलं नाही.

आणि तेव्हा मला तुझा पुन्हा राग आला, इतका की खुर्चीत बसवेना. एवढंच होतं, उत्कर्षा. आत नको येऊ म्हणालीस ते शास्त्र होतं, ते मला मान्य आहे. पण पुढचं एक वाक्य तुला छापता आलं नाही? 'इथूनच हाक मारा.' तो डाळिंबं घेऊन फाटकाशी उभा होता. त्यानं हाक मारली असती, आणि त्याची हाक सात वावरं ओलांडून जायची. मी भिंत धरून बाहेर गेलो असतो, तो खांबापाशी, मी ओट्यावर. त्याचा खोकला मी रोज ऐकला असता, रोज सुप्रियाला सांगितलं असतं, तिनं तुला सांगितलं असतं, आणि तू माझ्यासाठी ओरडलीस तशी त्याच्यासाठी ओरडली असतीस. रणजितनं ते ऐकलं असतं, कारण त्याचा बाप कुणाच्या दारातून परत गेलेला नसता. हे सगळं मी तुझ्यावर ओततोय, कारण ओतायला दुसरं कुणी नाही. तुझ्याइतकं जाणणारं आपल्यात दुसरं कुणी नाही.

आज त्याच्या घरच्या उसाला पाणी द्यायची पाळी होती. रणजित सुतकात, म्हणून विजयसिंह गेला. कुणी सांगितलं नाही, तो आपणच फावडं घेऊन गेला. मी पाटाच्या अलीकडं जाऊन बसलो होतो. पलीकडं कुणी नव्हतं. तिथं मला रडू आलं.

आता तू ये. गावात म्हातारी माणसं घरटी एक आहेत आणि सगळ्यांच्या कपाळाला हात लावून त्यांची पोरं 'ताप न्हाय' म्हणतायत. मला सांगितलंस ते त्यांना सांग. देवळाच्या पारावर मी बसवतो त्यांना, लांब लांब. राखणदाराचं सांग, ते त्यांना कळेल.

प्रवासात सर्दी झाली तर माघारी फिरू नकोस. तुझी तार अजून फाटकावर तशीच आहे. तिथं उभी राहा आणि हाक मार. मी बाहेर येईन. आशीर्वाद तेव्हा देईन, ओट्यावरूनच.

आबा